नाना फडणविसांचं गाव आणि कासवांचे राखणदार



इतिहासाच्या मास्तराला एक सवय असते. गावाचं नाव ऐकलं की त्या गावचा माणूस आधी आठवतो. वेळास म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे नाना फडणवीस उभे राहायचे. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी नाना शिकवले. बारभाई, सालबाईचा तह, १७९५ ची खर्ड्याची लढाई. आमचा परभणीचा मुलूख तेव्हा निजामाकडे, त्यामुळे खर्डा शिकवताना वर्गात जरा गंमत व्हायची. पोरं विचारायची, "सर, मग आपण हरलो का जिंकलो?"

जाता जाता एक दुरुस्ती. नाना वेळासला जन्मले असं पुष्कळ जण लिहितात. जन्म साताऱ्याचा, १७४२ चा. वेळास हे भानू घराण्याचं मूळ गाव. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या किल्ल्याजवळ, सावित्री नदी समुद्राला मिळते त्या बाजूला. असो.

काही वर्षांपूर्वी मुलगा म्हणाला, "बाबा, मार्चमध्ये वेळासला जायचंय." मला वाटलं, चला, पोराला इतिहासाची गोडी लागली. तर तो म्हणाला, "कासवं बघायला!" आता आम्ही मराठवाड्यातली माणसं. कासव पाहायचं ते देवळात गाभाऱ्यासमोर, दगडाचं, आणि नमस्कार करून पुढं जायचं. फार तर गंगाखेडला गोदावरीच्या डोहात एखादं. समुद्रातून येऊन वाळूत अंडी घालून परत जाणारं कासव हा आमच्या अनुभवाबाहेरचा विषय. पण गेलो, आणि परत आल्यावर जे मिळेल ते वाचत सुटलो. त्यातून कळलं की या गावाला अलीकडचाही एक इतिहास आहे. तो घडवणारी माणसं आपल्याच काळातली, पण त्यांच्याबद्दल पाठ्यपुस्तकात एक ओळ नाही. म्हणून हा लेख.

चिपळूणला १९९२ साली 'सह्याद्री निसर्ग मित्र' नावाची संस्था सुरू झाली. तिच्या संस्थापकांतलं आणि पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलेलं नाव म्हणजे विश्वास उर्फ भाऊ काटदरे. कोकणात अशी 'भाऊ' माणसं गावोगाव असतात, पण या भाऊंनी निवडलेलं काम वेगळं होतं. समुद्री गरुड किनाऱ्यावर कुठं कुठं घरटी करतो, ते पाहत फिरायचं. समुद्री गरुड उंच झाडावर काटक्यांचं भलंमोठं घरटं बांधतो आणि वर्षानुवर्षं तेच वापरतो. म्हणजे घरट्याच्या मागे जायचं तर गावोगाव जावं लागतं, ज्याच्या वाडीत ते झाड आहे त्याच्याशी बोलावं लागतं. मला वाटतं या संस्थेचं खरं शिक्षण तिथंच झालं. पक्ष्याआधी पक्ष्याच्या झाडाचा मालक समजून घ्यायचा!

पण कासवांच्या आधी एक बेट येतं, आणि तो भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

सिंधुदुर्गात वेंगुर्ला आणि निवतीच्या समोर भर समुद्रात खडकांचा एक पुंजका आहे, 'वेंगुर्ला रॉक्स'. एकावर दीपगृह आहे. दुसऱ्या एका बेटाला इंग्रजांनी 'बर्न्ट आयलंड' म्हणजे जळकं बेट असं नाव दिलं. त्याच्या गुहेत भारतीय पाकोळ्या राहतात. मूठभर पक्षी, रंग काळपट-तपकिरी. अंधारात टकटक असा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधतात, वटवाघळांसारख्या. आणि घरटं बांधतात ते स्वतःच्या लाळेनं. लाळेचा धागा खडकाला चिकटवत, त्यात शेवाळ आणि पिसं गुंफत एक लहानशी वाटी तयार करतात. त्यात अंडी दोनच.

हीच लाळ त्यांच्या जिवावर उठली. चीनमध्ये आणि जिथं जिथं चिनी वस्ती आहे तिथं या जातीच्या पक्ष्यांच्या घरट्यांचं सूप शेकडो वर्षं मोठ्या किमतीनं विकलं जातं. आग्नेय आशियातल्या पाकोळ्यांचं पांढरं स्वच्छ घरटं सर्वांत महाग. आपल्या पाकोळीच्या घरट्यात शेवाळ-पिसांची भेसळ असते, ते साफ करावं लागतं, म्हणून भाव कमी. पण कमी म्हणजे तरी किती, गरीब माणसाला समुद्रात होडी घालायला लावील इतका असतोच. घरटं काढून नेलं की पक्षी पुन्हा बांधतो. पुन्हा नेलं की पुन्हा बांधतो. लाळ काही नळाचं पाणी नव्हे. तिसऱ्या खेपेला बांधलेलं घरटं खुजं होतं आणि हंगाम सरत आलेला असतो. अंडी किंवा पिल्लं असताना घरटं काढलं तर मग सगळंच संपलं.

या बेटांवरच्या पाकोळ्या आणि सुरय पक्ष्यांबद्दल हुमायून अब्दुलअली यांनी १९३९ आणि १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लिहून ठेवलं आहे. हे अब्दुलअली म्हणजे बेडकांच्या तंगड्यांची निर्यात थांबावी म्हणून पुढे वर्षानुवर्षं भांडलेले गृहस्थ. ती बंदी १९८७ साली झाली. म्हणजे वेंगुर्ल्याची गुहा जाणकारांना ठाऊक होती. ठाऊक असणं आणि राखण असणं यांत मात्र साठ वर्षांचं अंतर पडलं.

२००० सालाच्या आसपास चिपळूणच्या या मंडळींचं लक्ष घरट्यांच्या तस्करीकडे गेलं. आता विचार करा. बेटावर गाव नाही, ग्रामपंचायत नाही, देऊळ नाही की शाळा नाही. कुणाचं प्रबोधन करणार? चोर बाहेरचे, माल बाहेर जाणारा, गिऱ्हाईक सातासमुद्रापलीकडचं. तिथं पोवाडे गाऊन उपयोग नव्हता. तिथं होडी लागते, हंगामभर पहारा लागतो, वनखात्याला हलवावं लागतं, गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो. हे सगळं त्यांनी केलं. तक्रारी झाल्या, तस्कर पकडले गेले, पहारा बसला. पुण्याचे पक्षीतज्ज्ञ डॉ. सतीश पांडे यांच्यासारख्यांनी अभ्यासाची बाजू धरली. ज्यांनी समुद्र पाहिलाय त्यांना सांगायला नको, पण आमच्या नातेवाइकांसाठी सांगतो : जानेवारीत शांत दिसणारा तो समुद्र मेअखेरीस होडीला उभं राहू देत नाही. आणि पाकोळीचा विणीचा हंगाम नेमका या उन्हाळ्यात.

मग आलं २००२ साल आणि वेळास.

गरुडाची घरटी पाहत फिरताना या लोकांना वेळासच्या वाळूत अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केल्यावर कळलं की ऑलिव्ह रिडले जातीची कासवं इथं दरवर्षी येतात, आणि गावातली माणसं दरवर्षी अंडी काढून नेतात. मादी रात्री भरतीच्या वर येते, मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून अंगानं दाबते आणि निघून जाते. पुन्हा वळून पाहत नाही. सकाळी वाळूवर फक्त तिच्या येण्याजाण्याचा माग उरतो. जाणत्या माणसाला तो माग म्हणजे पत्ता लिहिलेलं पाकीट! काठी खुपसून वाळू कुठं मऊ लागते ते पाहायचं आणि अंडी काढायची. माणसातून वाचली तर कोल्हे-कुत्री टपलेली.

कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे वाघाला जेवढं संरक्षण तेवढंच कासवाला. बेटावर जे केलं तेच इथंही करता आलं असतं. वनखात्याला सांगायचं, चार माणसांना पकडून द्यायचं, वर्तमानपत्रात फोटो. इथं तसं केलं नाही, आणि माझ्या मते भाऊ काटदरे आणि त्यांच्या सोबत्यांचं मोठेपण इथं आहे. जी माणसं अंडी काढत होती, त्यांच्याकडेच ते गेले. कासव कुठल्या रात्री येतं, कुठल्या टोकाला येतं, खरं घरटं कुठलं आणि नुसतं उकरून सोडलेलं कुठलं, हे ज्ञान त्या माणसांकडेच होतं. मुंबई-पुण्याच्या पदवीधराला ते शिकायला दहा वर्षं लागली असती. तेव्हा राखणदार म्हणून गावातलीच माणसं घेतली, त्यांना मेहनताना दिला, 'कासवमित्र' म्हणून त्यांना मान दिला.

काम ऐकायला सोपं आहे. पहाटे किनारा चालायचा, माग शोधायचा, अंडी हलक्या हातानं काढायची आणि जाळीचं कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा, तसाच आतून फुगीर खड्डा करून पुरायची. वर तारखेची पाटी. ४५ ते ५५ दिवसांनी पिल्लं वर येतात. तो सुमार आला की प्रत्येक खड्ड्यावर टोपली उपडी घालायची आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघायची. पिल्लं असली तर पाण्यापासून थोडं अलीकडे वाळूवर सोडायची. पाण्यात नेऊन टाकायची नाहीत, त्यांची त्यांनी चालत जायचं. पहिल्याच हंगामात पन्नासेक घरटी राखली गेली आणि अडीच हजारांवर पिल्लं समुद्रात गेली. हजारात एखादं मोठं होतं म्हणतात. म्हणजे त्या वर्षीच्या सगळ्या जागरणाचा हिशेब दोन-तीन कासवं! मास्तरकीतही असंच असतं, पण तो विषय आज नको.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला परीक्षेचे दिवस आठवतात. आमच्या भागात कॉपी कशी चालायची ते या भागातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. खिडकीतून चिठ्ठ्या फेकणाऱ्या बाहेरच्या टोळक्याला पोलिसच लागायचे, तिथं शब्दांचा उपयोग नसे. पण आत बाकावर बसून घाम पुसत चिठ्ठी उघडणारं पोर आपलंच असायचं. त्याला पोलिसाच्या हाती दिलं की ते पोर आयुष्यातून उठायचं. मी एकदा दिलं होतं. नियमानं मी बरोबर होतो. त्या मुलानं पुन्हा शाळेचं तोंड पाहिलं नाही, आणि बाजारात दिसला तरी तो रस्ता बदलायचा. वेळासच्या किनाऱ्यावर उभं असताना मला तो आठवला, हे इथं प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. एकच संस्था, एकच कायदा, दोन-तीन वर्षांचं अंतर. बेटावर पहारा आणि गुन्हा, गावात दोस्ती. कुठं काय वापरायचं हे पुस्तकात नसतं.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बेटावर दुसरा काही मार्ग असू शकला असता का? अंदमान-निकोबारमध्ये डॉ. रवी शंकरन यांनी तो प्रयत्न केला होता. घरटी काढणाऱ्यांनाच राखणदार करायचं, पिल्लं उडून गेल्यावर रिकामी घरटी कायदेशीर विकू द्यायची, पाकोळ्या घरांतही वसवायच्या, अशी त्यांची कल्पना. म्हणजे वेळासचंच सूत्र, फक्त गुहेत. कायद्याच्या अनुसूचीनं त्यात बरेच अडथळे आले, आणि २००९ च्या जानेवारीत शंकरन अकालीच गेले. वेंगुर्ल्याला तसं करता आलं असतं असं मला वाटत नाही. तिथं गुहेशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेलं गावच नव्हतं. पण विचार करण्यासारखं आहे.

वेळासला पुढे २००६ च्या सुमारास 'कासव महोत्सव' सुरू झाला. पिल्लं निघायच्या दिवसांत लोकांनी यायचं, गावातल्या घरांतच उतरायचं, गावचंच जेवायचं. हॉटेल नाही. आम्ही ज्या घरी उतरलो तिथल्या वहिनींनी आंबोळ्या, कुळथाचं पिठलं, सोलकढी असं वाढलं की बस्स. आमच्या घरच्यांनी ज्वारीच्या भाकरीची आठवणसुद्धा काढली नाही, यातच काय ते समजा. अंडं विकून जे सुटायचं त्यापेक्षा पाहुण्याच्या एका मुक्कामात जास्त मिळू लागलं. मग अंडं राखणं हे उपकाराचं काम राहिलं नाही, घरच्या शेतासारखं झालं. मला मात्र तिथली गर्दी पाहून जरा धास्ती वाटली. दोरीच्या अलीकडे दोनशे माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, आणि वाळूवर रुपयाच्या दोन-तीन नाण्यांएवढी सात पिल्लं. गावातली पोरं ओरडून ओरडून लोकांना मागे सारत होती. राखणदारांचं निम्मं काम आता माणसं राखण्याचं झालंय.

ही पद्धत वेळासपुरती राहिली नाही. केळशी, आंजर्ले, दाभोळ, गुहागर, तिकडे हरिहरेश्वर-दिवेआगर आणि खाली सिंधुदुर्गापर्यंत गावं जोडली गेली. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीत सुहास तोरसकर यांच्यासारखे स्वतःहून उभे राहिलेले लोकही आहेत. गोव्यात मोरजीला तर हे काम नव्वदच्या दशकातच सुरू झालं होतं. म्हणजे सगळ्याचा उगम चिपळूणलाच असं मी म्हणणार नाही. इतिहासात 'पहिला' शब्द जपून वापरावा असं मी मुलांना सांगत आलोय.

पण नंतर जे झालं ते फार संस्थांना जमत नाही. सह्याद्री निसर्ग मित्रने हे काम हळूहळू वनखात्याच्या आणि गावांच्या हाती सोडलं. सरकारचा कांदळवन कक्ष २०१२ साली आणि त्याचं प्रतिष्ठान २०१५ साली स्थापन झालं, आणि किनाऱ्यावरच्या कामाला सरकारी पाठबळ मिळालं. वेळासचेच मोहन उपाध्ये, जे या कामात तरुणपणी आले, ते पुढे कांदळवन प्रतिष्ठानात याच विषयाचे जाणकार म्हणून काम करू लागले. गावातलाच माणूस, आणि आता बाकीच्या गावांना शिकवणारा! संस्था काढणारे मी पुष्कळ पाहिले. पतसंस्था, शिक्षणसंस्था, वाचनालयं. खुर्ची सोडणारे किती पाहिले ते बोटांवर मोजता येईल. एका हातावर.

जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खुणा पाठवणारं यंत्र बसवलं. भारतीय वन्यजीव संस्थान आणि कांदळवन प्रतिष्ठान यांचं हे काम. पश्चिम किनाऱ्यावरची अशी ही पहिलीच मादी, म्हणून तिचं नाव 'प्रथमा'. (इथं 'पहिली' चालेल, पुरावा आहे.) आंजर्ल्याची 'सावनी', गुहागरच्या 'रेवा', 'वनश्री', 'लक्ष्मी'. पुढच्या वर्षी 'बागेश्री' आणि 'गुहा'. त्यातली बागेश्री तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि २७ जानेवारी २०२५ च्या रात्री गुहागरला एक मादी अंडी घालायला आली, तिच्या अंगावर धातूची पट्टी होती : ०३२३३. शोध घेतल्यावर कळलं की ही पट्टी मार्च २०२१ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याला लावलेली! अंदाजे साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास. पूर्वेची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी असं आजवर धरून चालत होते, ते आता पुन्हा तपासावं लागणार. तो नंबर कुणी वाचला असेल? रात्री किनाऱ्यावर जागं असणाऱ्या कुणीतरी. गहिरमाथ्याला लाखोंनी येणाऱ्या कासवांचं कौतुक जगभर होतं. गुहागरला एकटी-दुकटी येणारी मादी बघायला कुणी जागं राहिलं नसतं, तर हा पुरावा वाळूवरूनच परत गेला असता.

चिपळूणची मंडळी मात्र तोवर समुद्र सोडून रानात शिरली होती, खवले मांजरासाठी. त्याच्या खवल्यांचं गिऱ्हाईकही पुन्हा चीनचंच. २०२० साली चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात त्यांनी 'खवलोत्सव' केला. गावाच्या देवासमोर. म्हणजे पुन्हा गावकऱ्याच्या उंबऱ्यापाशीच.

जाता जाता, वेळासला मी नानांचं विसरलो नव्हतो. एका वयस्कर गृहस्थांना विचारलं, "नाना फडणविसांचा पुतळा कुठं आहे हो?" त्यांनी हातानं दिशा दाखवली आणि म्हणाले, "तो कुठं जात नाही, गुरुजी. उद्या बघा. आता टोपल्या उचलायची वेळ झाली, चला लवकर."

मी गुरुजी आहे हे त्यांना कसं कळलं, देव जाणे.